एका गच्चीपुरता भूप

नऊ वर्षांत सन्मती चौगुले आपल्या थोरल्या बहिणीच्या दुकानात आला नव्हता. २०३८ सालच्या नोव्हेंबरात एका सोमवारी सकाळी तो आला, आणि आला तो तक्रार घेऊनच.

त्रिशला तेव्हा एका पुठ्ठ्याच्या नळीला पंख चिकटवत बसली होती. मिरजेत स्टेशनमागच्या रस्त्यावर तिचं दुकान होतं. छंद म्हणून रॉकेट उडवणाऱ्यांना लागणारं सगळं तिथे मिळायचं: हातभर उंचीपासून पुरुषभर उंचीपर्यंतच्या रॉकेटांचे किट, नळ्या, हलक्या लाकडाचे पंख, पॅराशूट, उडवायचे स्टँड आणि हल्ली सगळ्यांत जास्त खपणाऱ्या मोटरी. दारात सावली पडली म्हणून तिनं मान वर केली. भाऊ हातात हेल्मेट घेऊन उभा होता. त्याचे केस बरेच पांढरे झाले होते. तिनं नळी बाजूला ठेवली.

"अक्का," तो म्हणाला, "रविवारी माळावर ते जे वाजतं, ते तुझं काय?"

ती हो म्हणाली.

"मग एक तर बंद कर, नाहीतर सुरात वाजव."

सन्मती हार्मोनियम सुरात लावायचा. पेटीच्या आतल्या पितळी पत्त्या केसाइतक्या कानसून तो एकेक सूर जागेवर आणायचा. सांगलीपासून धारवाडपर्यंतचे गवई आपल्या पेट्या त्याच्याकडे पाठवायचे. मिरजेपासून बारा किलोमीटरवर तांबूळवाडीत त्याचं घर होतं आणि घरातच काम. त्रिशला त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. ती एका शाळेच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होती, मग तिनं हे दुकान काढलं; लग्न केलं नव्हतं, आणि रॉकेटांचं वेड तिला कॉलेजपासूनच होतं. पूर्वी दर रविवारी दोघं भावंडं तांबूळवाडीच्या माळावर रॉकेट उडवायला जायची.

तेव्हाच्या मोटरी दारूच्या असत. कागदी नळीत दारू ठासायची, वात लावायची आणि लांब व्हायचं. विकतच्या मोटरी मिळणं अवघड, म्हणून त्रिशला त्या दुकानाच्या मागच्या खोलीत स्वतःच ठासायची. एका रविवारी मोटर पेटेना. वात विझली का बघायला सन्मती स्टँडपाशी वाकला, आणि मोटर जागच्या जागी फुटली. चेहरा थोडक्यात वाचला, पण डावा कान कायमचा गेला. सुरांवर पोट असलेल्या माणसाचा कान आपल्या हातच्या मोटरीनं गेला, हे त्रिशलाला सहन होईना. तिनं दवाखान्यात माफी मागितली, घरी जाऊन मागितली, पत्र लिहून मागितली. सन्मतीनं प्रत्येक वेळी तोंड फिरवलं आणि उत्तर दिलं नाही. पुढे तो भाऊबीजेलाही आला नाही. दोघांत भांडण असं झालंच नव्हतं, त्यामुळे मध्ये पडून ते मिटवायलाही कुणाला जमलं नाही. त्रिशलानं दुकानाला कुलूप लावलं आणि सहा वर्षं ते उघडलं नाही.

ते उघडलं बटणमोटरीमुळे. हे नाव लोकांनी पाडलेलं. या मोटरीत दारू नाही. रबरासारखी लिबलिबीत, फिकट पिवळी वडी असते. तिच्या मधोमध एक तार आणि भोवती धातूची नळी. काडी लावा, हातोडा घाला, विस्तवावर टाका, ती वडी नुसती वितळते, पेटत नाही. पण तार आणि नळी यांच्यामधून वीज सोडली की वडीतले क्षार जागे होतात आणि तिचा उघडा पृष्ठभाग, फक्त पृष्ठभाग, सणसणून जळू लागतो. वीज तोडली की जळणं थांबतं. पुन्हा सोडली की पुन्हा सुरू. जास्त वीज, जास्त जोर. शेकडो वर्षं दारूचं रॉकेट म्हणजे एकदा पेटलं की पेटलं असा प्रकार होता; आता ते पंख्यासारखं चालू-बंद करता येऊ लागलं. परवान्यांची कटकट संपली, मोटरी कुरियरनं घरपोच येऊ लागल्या, शाळाशाळांत रॉकेटचे वर्ग निघाले. पहिली बटणमोटर हातात आली त्या दिवशी त्रिशलानं ती गॅसच्या शेगडीवर दहा मिनिटं धरून बघितली, आणि मग दुकानाचं कुलूप काढायला गेली.

सूर निघाला तो मात्र अपघातानं. शौकत मुल्ला हा पंचेचाळिशीचा, टीव्ही आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणारा शेजारचा दुकानदार तिच्यासाठी मोटरींचे कंट्रोल बोर्ड बनवायचा. वीज कमी-जास्त करण्यापेक्षा ती तुकड्यातुकड्यांनी सोडणं त्याला सोपं वाटलं. सेकंदात दोन-अडीचशे वेळा चालू-बंद, चालू-बंद. बोर्ड मोटरीला जोडला तर मोटर चक्क गुणगुणू लागली. यात नवल काही नव्हतं. पेटीतली पत्ती हवेचे तुकडे पाडते म्हणून सूर निघतो. इथे ज्योतीचे तुकडे पडत होते. सेकंदाला दोनशे सत्त्याहत्तर तुकडे पाडले की काळी एकचा षड्ज. किती तुकडे पाडायचे त्यावर सूर ठरायचा, आणि एकेक तुकडा केवढा त्यावर जोर. म्हणजे रॉकेट एकाच वेगानं वर जाता जाता गाऊ शकत होतं. शौकतनं बोर्डात भूपाचा आरोह भरला, सा रे ग प ध सा, आठ सेकंदांत चारशे मीटर.

पहिल्या रविवारी माळावर जमलेली माणसं हसून लोळली. रॉकेट सुटलं, सा नीट लागला, आणि मग सगळेच सूर जांभई दिल्यासारखे खाली घसरले. कारण त्रिशलाला लगेच कळलं. आवाज करणारी वस्तू आपल्यापासून लांब पळू लागली की आवाजाच्या लाटा ताणल्या जातात आणि सूर उतरतो. आगगाडी शिट्टी मारत पुढे निघून गेली की शिट्टी उतरते, तेच. इथे वेग ताशी दोनशे किलोमीटर, म्हणजे सा उतरून थेट कोमल निषादाच्याही खाली. उपाय सोपा होता. रॉकेट किती वेगात आहे हे बोर्डाला कळतच होतं. जेवढा सूर उतरणार, तेवढा आधीच चढवून सोडायचा. दोन महिने खटपट करून शौकतनं ते जमवलं. कालच्या रविवारी भूप स्वच्छ लागला होता, माळावरच्या शंभर माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आज सन्मती दारात उभा राहून सुरात वाजव म्हणत होता.

त्रिशलानं त्याला हे सगळं सांगायचा प्रयत्न केला. तो ऐकून घेईना. दोन महिने ते त्याच्या गच्चीवर ऐकू येत होतं, अर्ध्या-पाऊण सुरानं उतरलेलं. एकाच कानानं आवाज कुठून येतो हे कळत नाही, म्हणून आधी त्याला वाटलं गावात कुणीतरी फुटकी पेटी वाजवतंय; दोन रविवार तो ती शोधत गल्लीबोळांतून हिंडला होता. ते माळावरून येतंय हे कळल्यावर त्यानं उतरलेल्या सुराची सवय करून घेतली. पण काल तो सूर भलताच चढला, सा म्हणून जे वाजत होतं तो सरळ सरळ रिषभ होता.

"काल पहिल्यांदाच सुरात लागलंय," त्रिशला म्हणाली. "मी तिथं उभी होते."

"मी पण माझ्या घरात उभा होतो. रविवारी गच्चीवर ये आणि ऐक."

त्यानं उभ्याउभ्याच चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि स्कूटर काढून निघून गेला. पंखाचा गोंद वाळून गेला होता. त्रिशलानं तो पंख उपटला आणि परत चिकटवायला बसली, पण तो वाकडाच बसला, तेव्हा तिनं त्या दिवशी काम थांबवलं.

रविवारी रॉकेट सोडायचं काम शौकतवर सोपवून ती तांबूळवाडीला गेली. भावजय राजमतीनं दार उघडलं आणि पायरीवरच तिचे दोन्ही हात धरले. नऊ वर्षांत दोघी बाजारात भेटल्या होत्या, लग्नकार्यात भेटल्या होत्या, घरात मात्र आजच. गच्चीवर भडंगाची परात ठेवलेली होती. माळ तिथून दीड किलोमीटर, मधे नुसती शाळूची रानं. साडेदहाला दूरवर एक ठिणगी वर चढताना दिसली. आवाज काहीच नाही. चारेक सेकंद गेले, ठिणगी निम्म्यावर पोचली, आणि मग सूर आले. सगळे चढलेले, चिरके. त्रिशलानं तोंडावर हात घेतला. सन्मती तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी एक प्रकारचं समाधान होतं.

भडंग खाता खाता तिला उलगडलं. तिनं परातीतला एक शेंगदाणा उचलला आणि राजमतीच्या नाकासमोरून सरळ वर नेला. माळावर उभ्या असलेल्या माणसापासून रॉकेट सरळ लांब पळतं, म्हणून त्याला सूर फार उतरलेला लागतो. पण दीड किलोमीटरवरच्या माणसाला ते लांब पळताना दिसतच नाही. त्याच्यासाठी ते एका जागी उभं राहून नुसतं उंच होतं. त्याच्यापासूनचं अंतर जेमतेम वाढतं, म्हणून सूरही जेमतेम उतरतो. माळासाठी चढवून सोडलेला सूर इथे चढलेलाच ऐकू येणार. आणि इथल्यासाठी नीट लावला तर माळावर घसरणार.

सन्मतीनं तो शेंगदाणा तिच्या हातातून घेतला. "म्हणजे ते एका वेळी एकाच जागी सुरात लागणार," तो म्हणाला.

"एखाद्या गल्लीपुरतं. बाकी सगळीकडं थोडंफार बेसूर."

"मग ती जागा माळच का?"

माणसं तिथे जमतात म्हणून, त्रिशला म्हणाली. राजमती म्हणाली की माणसं इथेही राहतात.

पुढच्या सोमवारपासून सन्मती दुकानात येऊ लागला. आल्यावर तो मोटरींच्या कपाटाकडे पाठ करून बसायचा आणि मोटरीला हात लावायचा नाही, पण बोर्डावर त्यानं शौकतला भंडावून सोडलं. सूर जागेवर आला तरी त्याला तो पत्र्यासारखा वाटायचा. ज्योतीचा प्रत्येक तुकडा एकदम सुरू होतो आणि एकदम तुटतो म्हणून तो खरखरतो, पेटीची पत्ती अशी तुटत नाही, ती वाकते आणि परतते, असं त्याचं म्हणणं. शौकतनं तुकड्यांच्या कडा गोल केल्या. सन्मती म्हणाला, अजून. पुन्हा केल्या. पंधरा दिवसांनी मोटरीचा आवाज असा आला की दुकानासमोरून जाणारा एक माणूस आत येऊन पेटी दाखवा म्हणाला. त्या दिवशी शौकतनं स्वतःच्या पैशानं सगळ्यांना जिलेबी आणली.

डिसेंबरात एका दुपारी शौकत जेवायला गेला होता आणि दुकानात दोघंच होती. त्रिशला सवयीनं म्हणून गेली की जे झालं ते तिच्यामुळे झालं, त्याचा दुसरा कान शाबूत असता तर हे काम आणखी सोपं झालं असतं. सन्मतीनं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"अक्का, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस, आठवतंय?"

तिला काहीच आठवत नव्हतं. नुसता स्फोट आठवत होता.

"तू म्हणालीस, दहा मिनिटं थांब, कुणी जवळ जाऊ नका. दोनदा म्हणालीस. मी तरी गेलो. मला घाई होती, सांगलीला एकाची पेटी पोचवायची होती. दवाखान्यात तू रडत माफी मागायला लागलीस, सगळे तुलाच बोलायला लागले, तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. मग रोज सांगणं जास्त जास्त अवघड होत गेलं. तुझं तोंड बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून येत नव्हतो."

त्रिशला उठली आणि दुकानाच्या मागच्या खोलीत गेली. आधी तिला संताप आला, इतका की भिंतीला लावलेल्या नळ्यांचा गठ्ठा तिनं जमिनीवर ढकलून दिला. नऊ वर्षं ती रोज सकाळी त्या एका ओझ्यानं उठली होती. नळ्या गडगडत दारातून बाहेर गेल्या. त्या गोळा करायला सन्मती वाकला, तर एक नळी त्याच्या पायाखालून सटकली आणि तो खाली बसला तो बसलाच, मांडीवर नळ्यांचा ढीग घेऊन. त्याला तसं बघून तिला हसू फुटलं. मग रडूही आलं. शौकत जेवून परत आला तेव्हा बहीण-भाऊ जमिनीवर बसून मापानुसार नळ्या लावत होते. तोही त्यांच्याबरोबर बसला.

फेब्रुवारीत माळावर रॉकेटांचा मेळा भरायचा. त्या वर्षी पुण्याच्या एका मोठ्या किट कंपनीच्या देवयानी कर्णिक खास गाणारं रॉकेट ऐकायला येणार होत्या. आवडलं तर त्यांची कंपनी ते देशभर विकणार होती. शौकतनं बोर्डाला दोन खुणांचं एक बटण लावलं होतं, एक खूण माळाची आणि दुसरी गच्चीची. मेळ्याच्या दिवशी दोन हजार माणसं आली. सन्मती आला नाही. स्टँडजवळ जायला त्याला अजूनही जमत नव्हतं; तो राजमतीबरोबर गच्चीवर थांबला होता.

पहिलं रॉकेट माळाच्या खुणेवर सुटलं. भूप असा स्वच्छ वर गेला की माणसं टाळ्या वाजवायलासुद्धा विसरली आणि मग एकदम वाजवू लागली. देवयानीबाईंनी उठून त्रिशलाशी हात मिळवला. काम झालं होतं. शौकतनं दुसरं रॉकेट स्टँडवर चढवलं आणि हेही इकडचंच ना, असं विचारलं. त्रिशलानं दूर शाळूच्या रानापलीकडे बघितलं. गच्ची इथून दिसत होती, माणूस दिसत नव्हता. गच्चीसाठी लावलेला भूप अजून एकदाही उडवलेला नव्हता. दोन महिन्यांची ती मेहनत तिथल्या दोन माणसांनी गच्चीवरून अजून सुरात ऐकलीच नव्हती.

"तिकडचं," ती म्हणाली.

शौकतनं देवयानीबाई बसल्या होत्या त्या मंचाकडे एकदा बघितलं आणि बटण फिरवलं.

दुसरं रॉकेट सुटलं आणि दोन हजार माणसांसमोर भूप घसरला. गंधाराचं काहीतरी भलतंच झालं, पंचम ओळखू येईना. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. देवयानीबाईंनी विचारलं की काय बिघडलं. त्रिशलानं माइक घेतला. तिला बोलायची सवय नव्हती. तिनं एवढंच सांगितलं की बिघडलं काही नाही, हे आपल्यासाठी नव्हतं, तांबूळवाडीत एका गच्चीवर हे आत्ता सुरात लागलं असेल. मग तिनं फोन लावला आणि तो माइकसमोर धरला. फोन राजमतीनं उचलला. तिनं एवढंच सांगितलं की हे डोळे मिटून बसलेत, आणि खाली रस्त्यावर माणसं घरांतून बाहेर येऊन उभी आहेत, आता ठेवते.

मग मंचासमोर बसलेल्या एका बाईनं उठून विचारलं की हे शेजारच्या बेळंकी गावाकडे लावता येईल का. तिचा मामा अंथरुणाला खिळून होता. दुसऱ्या एकानं आपल्या वस्तीचं नाव सांगितलं. पाच मिनिटांत शौकतपाशी नावांची रांग लागली. देवयानी कर्णिक खुर्चीत मागे टेकून हे बघत राहिल्या, आणि निघताना त्यांनी एकच अट घातली. दोन खुणांचं बटण नको, नकाशा हवा.

तसा किट जूनमध्ये बाजारात आला. फोनवर नकाशा उघडायचा, चार-पाच किलोमीटरच्या आतली कुठलीही जागा बोटानं दाखवायची, बोर्ड त्या जागेसाठी सूर लावून घ्यायचा. खोक्यात नळी, पंख, पॅराशूट आणि तीन मोटरी, आणि खोक्यावर छोट्या अक्षरांत "सूर: स. चौगुले". त्यानंतर ज्या गोष्टी घडल्या त्या कुणाच्या मनातही नव्हत्या. दवाखान्यांच्या खिडक्यांसाठी रॉकेटं सुटू लागली. निवृत्त झालेल्या शिक्षकांच्या अंगणांसाठी सुटू लागली. लातूरला एका तरुणानं आपल्या आवडत्या मुलीच्या घरासाठी सोडलं, पण नकाशावर गल्ली चुकली आणि भलत्याच घरचे आजोबा खूश होऊन त्याच्या घरी पेढे घेऊन गेले. दोन गावांत आधी कुणाकडे यावरून वाद झाला आणि शेवटी त्यांनी वेशीवरची चिंच मध्य म्हणून ठरवली. दर पंधरवड्याला दोन्हीकडची माणसं त्या चिंचेखाली येऊन बसू लागली. बेसूर ऐकू आलं की लोक आता चिडायचे नाहीत. आज कुणाकडे आहे, असं एकमेकांना विचारायचे.

पुढच्या फेब्रुवारीत मेळ्याचं चित्रच उलटलं. त्या वर्षी भूप तांबूळवाडीसाठी लावायचा असं ठरलं, आणि सगळी गर्दी माळावरून उठून गावात गेली. गच्च्या भरल्या, झाडांखाली सतरंज्या पडल्या, देवयानीबाईंनी देवळाच्या पायरीवर जागा धरली. सन्मतीच्या गच्चीवर तर पाय ठेवायला जागा नव्हती. धारवाडहून दोन गवई आले होते आणि ते त्याच्या शेजारी बसणार होते. शौकतही आपल्या बायकोमुलांना घेऊन तिकडेच गेला. माळावर राहिली एकटी त्रिशला. कुणीतरी बटण दाबायला हवं होतं, आणि तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. रॉकेट स्टँडच्या सळईवर चढवून, वायरी दोनदा तपासून ती तीस पावलांवरच्या दोरीमागे येऊन उभी राहिली. घड्याळात साडेदहाला सात मिनिटं होती.

तेवढ्यात शाळूच्या रानातल्या वाटेनं एक स्कूटर येताना दिसली.

सन्मतीनं ती माळाच्या कडेला लावली, हेल्मेट काढलं आणि तिथेच स्टँडकडे बघत थांबला. दहा वर्षांत तो या माळावर आला नव्हता. मग तो चालू लागला, एकेक पाऊल मोजल्यासारखा, आणि दोरीपाशी येऊन बहिणीच्या डाव्या हाताला उभा राहिला, म्हणजे त्याचा चांगला कान तिच्याकडे आला. त्याच्या कपाळावर घाम होता. त्रिशलानं त्याला सांगितलं की इथून काही नीट ऐकू येणार नाही, गवई गच्चीवर वाट बघत असतील. गवयांना राजमतीनं भडंग दिलंय, तो म्हणाला.

तिनं त्याचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं.

रॉकेट सळईवरून निघालं तेव्हा सन्मतीची बोटं तिच्या हातात घट्ट आवळली गेली. मग ती सैल झाली. सा सुटला आणि लगेच उतरला. रिषभ कुठे गेला ते कळलंच नाही. पंचम, धैवत एकमेकांच्या अंगावर पडत वर गेले. आयुष्यभर केसाइतका सूर हलला तरी अस्वस्थ होणारा तो माणूस मान मागे टाकून ते सगळं ऐकत होता. वर पॅराशूट उघडलं. गावाच्या बाजूनं, काही सेकंदांनी, टाळ्यांचा मोठा लोट रानावरून वाहत आला.

सन्मती हसत होता. इतकं की त्याला डोळे पुसावे लागले.

"फारच बेसूर आहे, अक्का," तो म्हणाला. "अजून एक सोड की."